उशिरा आलेल्या वाचकाचा हक्क

चित्रकथेच्या पहिल्या अंकांत नायकाची पूर्वपीठिका सांगणें म्हणजे जाणत्या वाचकाचा अपमान, असें कांहीं विद्वान् म्हणतात. हें मत आम्हांस साफ अमान्य आहे. मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल कॉमिक्स' निघालें, तेव्हां त्यांतला वेताळ अमेरिकेंत १९३६ पासून प्रसिद्ध होता. तरीही चांचे, कवटीवरील शपथ, बापामागून मुलगा हा वारसा त्याच्या कित्येक कथांच्या आरंभीं दोन-चार चित्रांत पुनः येई. त्यांत कोणाचा अपमान झाला? पन्हाळ्यावरचा वाटाड्याही आधीं १६६० चा सिद्दी जौहराचा वेढा सांगतो, मगच शिवा काशिदाचें बलिदान. एरवीं पाहुण्यास तेथें नुसता पुतळा दिसेल. संपादकांनीं पहिला अंक आधीं अनोळखी मुलाच्या हातीं द्यावा. नायक कोण, हें त्यास विचारावें लागलें, तर दोष मुलाचा नव्हे.