अमेरिका किती मार्कांची?

एम.एस.ला जायचं म्हणून आपण जीआरईचे शब्द घोकतो, पण तिथल्या माणसांचा अभ्यास शून्य! गेर्ट हॉफस्टेड हा डच संशोधक मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९८० च्या पुस्तकात त्याने संस्कृतींना चक्क मार्क दिले. व्यक्तिवादात अमेरिका ९१, भारत ४८; वरिष्ठ-कनिष्ठ अंतरात अमेरिका ४०, आपण ७७. म्हणूनच तिथे बऱ्याच प्रोफेसरांना नावाने हाक मारली तर उद्धटपणा होत नाही आणि वर्गात गप्प बसणं नम्रपणात मोजत नाहीत. पण मित्रांनो, ही सरासरी आहे, तीही एकाच कंपनीतली. सरासरीवरून रूममेट कसा निघेल ते सांगता येत नाही, हे स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या आपल्याला तरी कळायला हवं. तक्ता जरूर वाचा, पण मत माणूस भेटल्यावरच बनवा.