जांभळ्या बुचाची नळी

रक्त तपासणीच्या अहवालावर नळीचा प्रकार आणि रक्त काढल्याची वेळ नमूद असलीच पाहिजे, हा माझा जुना आग्रह ज्या वाचकांना अतिरेकी वाटत आला, त्यांनी या आठवड्यात आमच्या गल्लीत जे घडले ते ऐकावे.

शेजारच्या गृहस्थांचे रक्त सकाळी लोणारात काढले गेले, दुपारनंतर ते परगावच्या प्रयोगशाळेत पोहोचले आणि रात्री मोबाईलवर रिपोर्ट आला : प्लेटलेट ३८ हजार. ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. तरी ‘पेशी उतरल्या’ हे दोन शब्द पुरेसे झाले, छत्रपती संभाजीनगरला जाण्यासाठी गाडी ठरली, रक्तदात्यांचा शोध सुरू झाला. गावातल्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी मात्र प्रयोगशाळेस फोन करून त्याच नळीतला थेंब काचपट्टीवर पसरून पाहावयास सांगितले, तेव्हा प्लेटलेटचे पुंजके दिसले. निळ्या बुचाच्या सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घेतले. तीतल्या द्रवाने रक्त पातळ होते म्हणून आकडा १.१ ने गुणला. हिशेब १ लाख ९० हजारांवर आला.

जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असते. रक्तातील कॅल्शियम बांधून ते रक्त गोठू देत नाही. परंतु क्वचित एखाद्याच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की, ईडीटीएच्या सान्निध्यात ती प्लेटलेटना एकमेकींस चिकटवितात, वेळ जाईल तसे पुंजके वाढतात, आणि मोजणारे यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून ओळखतच नाही.

लोणारकरांना हे परके वाटू नये. जून २०२० मध्ये आपले सरोवर गुलाबी झाले, तेव्हा वन विभागाने पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेकडे पाठविले. आघारकरच्या संशोधकांना असे आढळले की, नमुन्यातील गुलाबी रंगाचे लवणप्रिय सूक्ष्मजीव काही काळाने तळाशी बसले आणि पाणी नितळ झाले. त्या नितळ पाण्याचाच थेंब घेऊन कोणी ‘लोणारचे पाणी रंगहीन’ असा दाखला दिला असता, तर काठावर उभे राहून गुलाबी पाणी पाहणाऱ्या आम्ही तो मान्य केला असता काय? दाखला त्या थेंबापुरता खरा ठरला असता, सरोवराचा मात्र झाला नसता. सरोवराला काठ होता, म्हणून पडताळा आमच्या डोळ्यांपाशी होता. रक्ताला असा काठ नाही, आणि म्हणूनच छापील आकड्यास आम्ही मुकाट्याने शरण जातो.

अन्य नळ्यांचीही तीच कथा. साखरेसाठी करड्या बुचाची फ्लोराइडची नळी न घेता साध्या नळीत रक्त तसेच ठेवले, तर रक्तपेशी तीतली साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के संपवीत राहतात. जांभळ्या नळीतले रक्त दुसरीत ओतले, तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम उतरलेले दिसते. लाखो रुपयांच्या यंत्राचे कौतुक करणाऱ्या आमच्या समाजाने नळी निवडणाऱ्या, ती हलक्या हाताने उलटीसुलटी करणाऱ्या माणसाच्या कौशल्यास कधीच मान दिला नाही, हे मी पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन.

अर्थात, डेंग्यूसारख्या आजारात प्लेटलेट खऱ्याच उतरतात. कमी आकडा पाहून कोणी स्वस्थ बसू नये. परंतु प्रकृती आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर काचपट्टी पाहिली काय, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे. आणि ज्यांच्या बाबतीत हा दोष एकदा आढळला, त्यांनी पुढील प्रत्येक तपासणीच्या चिठ्ठीवर ‘प्लेटलेट सायट्रेटच्या नळीतही मोजाव्यात’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. ही प्रवृत्ती त्या रक्तात पुढेही राहू शकते.