सणाचें दान आणि उचलीचा दिवस

नाताळ जवळ आला म्हणजे शाळेंत दानपेटी फिरूं लागते. मुलें खाऊचे पैसे टाकतात, पालक घोंगड्या व कपडे पाठवितात. ही दानबुद्धि स्तुत्य आहे. तथापि तिच्या योगें घेणाऱ्याचें दारिद्र्य कितपत हटतें, याचा विचार सुज्ञ पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा.

आपल्या जिल्ह्यांतील पोहरादेवी हें संत सेवालाल महाराजांचें समाधिस्थान. रामनवमीस येथें दूरदूरचे बंजारा बांधव लोटतात. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेणें हा या समाजाचा पूर्वापार धंदा. आगगाडी व सडका आल्या आणि तो बुडाला. म्हणजे तांड्यांतील दारिद्र्य आळसाचें नव्हे, हातचें साधन गेल्याचें आहे.

आज तांड्यांतील अनेक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, बियाण्याचें देणें असतें, कोणी आजारी पडतें; म्हणून मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, व ती फेडण्यासाठीं फाल्गुन-चैत्रापर्यंत फडांत राबावें लागतें. बरोबर नेलेल्या मुलाची शाळा बुडते.

आतां पाहा: आपलें दान डिसेंबरांत निघतें, आणि कुटुंब तर त्यापूर्वींच उचलीनें बांधलें गेलेलें असतें. घोंगडी थंडी निवारील, उचल निवारणार नाहीं. मागें राहिलेल्या वृद्धांना ती अवश्य द्यावी. परंतु नाताळांत जमलेला उरलेला पैसा लगेच वांटून टाकूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. तो पोष्टांत ठेवावा व पुढील मृगापासून पोळ्यापर्यंतच्या कठीण दिवसांत साधन देण्यास वापरावा.

साधन कोणतें? शेळी. ती पांच महिन्यांनीं विते, पुष्कळदां जुळीं देते, आणि घरची आजीहि तिला सांभाळूं शकते. अमेरिकेंतील डॅन वेस्ट हा शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धांत भुकेल्या मुलांना दूध वांटीत असे. पेलाभर दुधापेक्षां गाय द्यावी, असें त्यास तेथें वाटलें. १९४४ सालीं त्याच्या प्रयत्नानें पहिल्या कालवडी पोर्टो रिकोस गेल्या. अट एवढीच कीं, घेणाऱ्यानें पहिली कालवड दुसऱ्या गरजूस द्यावी. अशा रीतीनें घेणारा स्वतः दाता होतो. त्याची मान खालीं जात नाहीं.

मात्र नुसती शेळी बांधून मोकळें होऊं नये. सहा देशांतील प्रयोगांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. जनावर, कांहीं काळ पोटापुरती मदत व शिकवण हीं तिन्ही एकत्र दिल्यानें बहुतेक ठिकाणीं सुधारणा टिकली. होंडुरासमध्यें दिलेल्या कोंबड्या रोगानें मेल्या व लाभ नाहींसा झाला. म्हणून शेळीबरोबर लस हवी, चारा हवा, आणि पहिलें वेत होईपर्यंत थोडी ज्वारीहि हवी. एका शेळीनें लगेच उचल टळेल असेंहि नव्हे. पण ती कमी घ्यावी लागली, व एखादें मूल आजीजवळ राहून शाळेंत आलें, तरी दान सार्थकीं लागलें.

विद्यार्थी मित्रहो, येत्या नाताळांत पेटींत आणा टाका वा रुपया. पण त्याचा हिशेब पोळ्याच्या दिवशीं शिक्षकांस अवश्य विचारा. पालकांनींहि तो मागावा.