सौम्य, पण कोणास?

२०२१ च्या नोव्हेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील शास्त्रज्ञांनीं कोरोनाच्या नव्या प्रकाराची वर्दी दिली. २६ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें त्याचें ‘ओमिक्रॉन’ असें नामकरण केलें, आणि वाद माजला. तेथील वैद्यक-संघाच्या अध्यक्षा डॉ. अँजेलिक कोएत्झी म्हणाल्या, आपण पाहिलेल्या रोग्यांचीं लक्षणें सौम्य आहेत. प्रतिपक्षाचें म्हणणें, त्या देशांत तरुण फार, शिवाय पुष्कळांना रोग आधींच होऊन गेलेला. तेथला दाखला इतरत्र कसा चालावा? आमच्या मतें बाईंचें निरीक्षण खोटें नव्हतें. ‘सौम्य’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ हा अर्थ मात्र ऐकणारांनीं आपल्या सोयीनें लाविला.

हाँगकाँगमध्यें काय झालें तें पाहा. तोंवर रोग बहुतांशीं वेशीबाहेर राहिलेला. त्यामुळें, आणि लशीच्या धास्तीनें, पुष्कळशी वडीलधारी मंडळी टोंचून घ्यावयाची राहिली होती. (‘आतां ह्या वयांत कशाला?’ असें म्हणणारे चिरंजीव आपल्याकडेहि होतेच!) २०२१ अखेर तेथील एकूण बळी २१३; २०२२ च्या मेअखेर ते ९,००० वर गेले. त्यांत बहुतेक ६० वर्षांपुढील, आणि लस पुरी न घेतलेले अधिक. त्यांच्याच घरांतील नातवंडांना ह्याच ओमिक्रॉननें दोन दिवसांचा ताप आणून सोडून दिलें असेल.