आकड्यांची नोंद आणि नशिबाचा हिशेब

लॉटरीच्या निकालांची वही ठेवण्याची हौस भारतात जुनी आहे. केरळ सरकारने १९६७ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राची लॉटरी १९६९ मध्ये आली, आणि वर्तमानपत्रातील निकालाचे आकडे वहीत उतरवून त्यांखाली लाल-निळ्या रेघा ओढणारा ग्राहकही त्यांच्या मागोमाग आला. संगणक घरोघरी पोहोचल्यावर या वहीची जागा स्प्रेडशीटने घेतली. एका स्तंभात सोडतीची तारीख, दुसऱ्यात मालिका, तिसऱ्यात बक्षिसाचा क्रमांक. ‘राइट’ या सूत्राने शेवटचे चार आकडे वेगळे काढावयाचे, ‘काउंटइफ’ने कोणता आकडा किती वेळा आला ते मोजावयाचे, आणि हे सारे एका कळीसरशी व्हावे म्हणून मॅक्रो नोंदवून ठेवावयाचा. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. रोज एक सोडत धरली, तरी एवढी जागा अडीच हजारांहून अधिक वर्षे पुरेल.

या उद्योगाची सरसकट थट्टा करणे योग्य नव्हे. केरळच्या लॉटरीत लहान बक्षिसे तिकिटाच्या शेवटच्या चार आकड्यांवर दिली जातात, त्यामुळे निकालपत्रकात आकड्यांची दाटी असते आणि दहा-वीस तिकिटे घेणाऱ्याच्या नजरेतून एखादे बक्षीस सहज निसटते. विजेते तिकीट तीस दिवसांच्या आत सादर करावे लागते. अशा वेळी तिकिटांचे क्रमांक एका पानावर, निकाल दुसऱ्या पानावर आणि दोहोंची जुळणी सूत्राने, ही व्यवस्था कोणत्याही नेटक्या हिशेबनिसाला शोभणारी आहे. सूत्र येथे घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारले जाते आणि त्याचे उत्तर खरे असते.

चूक होते ती याच सूत्राला उद्याचा प्रश्न विचारल्यावर. हजार सोडतींच्या नोंदीत शेवटच्या स्थानी ७ हा आकडा ११५ वेळा आला आणि ३ हा केवळ ८५ वेळा, असे दिसताच दोन परस्परविरोधी पंथ उभे राहतात. एक म्हणतो, ७ जोरात आहे, तोच धरावा. दुसरा म्हणतो, ३ ची पाळी राहिली आहे, आता तो येणारच. दोन्ही पंथांचा तपास करण्याचे साधन त्याच स्प्रेडशीटमध्ये आहे, पण त्याकडे फारसे कोणी वळत नाही. रिकाम्या पानावरील हजार चौकटींत ‘रँडबिटवीन’ हे सूत्र लिहून शून्य ते नऊ यांपैकी कोणताही आकडा यावा अशी सोय करावी आणि त्यावर तोच मोजणीचा तक्ता चालवावा. प्रत्येक आकडा बरोबर शंभर वेळा येईल अशी अपेक्षा असेल, तर ती फोल ठरते. कोणता तरी आकडा ११५ च्या आसपास पोहोचतो, कोणता तरी ८५ च्या जवळ घुटमळतो. एफ ९ ही कळ दाबली की सारे आकडे नव्याने पडतात आणि कालचा ‘जोरातला’ आकडा मधल्या गर्दीत नाहीसा होतो. एवढी तफावत निव्वळ योगायोगातून नेहमीच उपजते. तिच्यामागे कारण शोधणे म्हणजे ढगांत हत्ती पाहून त्याच्यासाठी अंबारी तयार करणे होय.

पाळी राहिल्याच्या समजुतीची किंमत किती होऊ शकते, ते इटलीत दिसले. तेथील सरकारी लोट्टोमध्ये निरनिराळ्या शहरांच्या नावे १ ते ९० मधून पाच-पाच आकडे काढले जातात आणि कोणता आकडा किती सोडतींपासून आलेला नाही, याचे तक्ते छापून येतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ नंतर दिसेनासा झाला. जसजसे महिने लोटले, तसतसे लोक त्यावर अधिकाधिक पैसे लावू लागले, कारण तक्ता दर वेळी एक पायरी वर सरकत होता. अखेर ९ फेब्रुवारी २००५ रोजी, १८२ सोडतींच्या खंडानंतर, तो आकडा आला. तोवर त्या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम लावली गेल्याचे तेव्हाच्या बातम्यांत सांगितले गेले. घरांची साठवण गेली, कर्जे झाली, आत्महत्याही घडल्या. ९० मधून पाच आकडे निघतात, तेव्हा एखादा ठरावीक आकडा येण्याची शक्यता अठरात एक. पहिल्या दिवशी ती तेवढीच होती आणि १८२ वा खंड पडल्यावरही तेवढीच. आकडा लागला तर लावलेल्या पैशाच्या सुमारे अकरा पट मिळत असत, अठरा पट नव्हे. ही तूट कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नव्हती.

मॅक्रोमुळे या भ्रमाला वेग येतो. ‘मागील दोन निकालांची बेरीज’, ‘तारखेचा एकक’, ‘गेल्या मंगळवारचा आकडा अधिक चार’ असे दोनशे नियम एकट्या माणसाने हाताने तपासावयाचे म्हटले तर महिना जाईल. मॅक्रो ते चहाचा कप रिकामा होण्यापूर्वी करतो. शेवटचा आकडा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता दहात एक. तरीही अशा दोनशे स्वतंत्र नियमांपैकी सुमारे चौदा नियम दहा सोडतींत तीन किंवा अधिक वेळा केवळ योगायोगाने बरोबर ठरतात. मॅक्रो नेमके तेच चौदा वर काढून ठेवतो आणि उरलेले एकशे शहाऐंशी कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. भूतकाळाशी जुळवून निवडलेला नियम भूतकाळाशी जुळतो, यात नवल ते काय?

सोडत अप्रामाणिक असेल तर नोंदींना अर्थ येतो, हे मान्य करावयास हवे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८० मध्ये चेंडूंत रंग भरून ते जड करण्यात आले आणि ६६६ हा क्रमांक काढण्यात आला होता. पण तशी शंका आल्यास ती चौकशीची बाब ठरते, गुंतवणुकीची नव्हे.

आणखी एका गोष्टीकडे बँकेच्या ग्राहकाने लक्ष द्यावे. ‘हमखास अंदाज देणारी’ म्हणून अनोळखी व्यक्तीकडून येणारी मॅक्रोयुक्त फाइल हा संगणकात शिरण्याचा जुना चोरदरवाजा आहे, आणि ज्या संगणकावर ती उघडली जाते त्यावरूनच पुष्कळदा खात्याचे व्यवहारही होतात. परदेशी लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून पैसे पाठविण्यास तर परकीय चलनविषयक नियमांनुसार मनाईच आहे.

लॉटरीच्या बहुतेक स्प्रेडशीटमध्ये एक स्तंभ नसतो: तिकिटांवर झालेल्या खर्चाचा. आठवड्याला दोनशे रुपये ही रक्कम कोणाला जाणवत नाही. वर्षाला ती १०,४०० होते आणि दहा वर्षांत १,०४,०००. तीच रक्कम दर वर्षाअखेरीस ठेवीत टाकली आणि व्याजदर सहा टक्के धरला, तर ‘एफव्ही’ हे सूत्र सुमारे १ लाख ३७ हजारांचा आकडा दाखविते. त्याशेजारी मिळालेल्या बक्षिसांचा स्तंभ मांडताना कराचाही विचार करावा लागतो. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के दराने आयकर, शिवाय उपकर, आणि बक्षीस १०,००० रुपयांहून अधिक असल्यास कर आधीच कापून घेतला जातो. तिकिटांसाठी केलेला खर्च या उत्पन्नातून वजा मिळत नाही. म्हणजे वर्षभर दहा हजारांची तिकिटे घेऊन बारा हजारांचे बक्षीस लागले, तर आयकराच्या दृष्टीने उत्पन्न पूर्ण बारा हजार. हाती येतात साधारण आठ हजार चारशे, आणि बेरजेच्या चौकटीत उणे चिन्ह उमटते.