ही ‘तयारी’ कोणाच्या सोयीची?

बाळंतिणीला बघायला गेलं, सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, की एक प्रश्न हळूच पुढे येतो : “ताई, तिथं फार आग होते. पुरळ उठलंय, खाजवताही येत नाही. काय लावू?” टाके दुखतात हे ती चारचौघींत सांगते. हे मात्र सांगत नाही, कारण त्याला लोकांत उच्चारता येईल असा शब्दच आपण तिला दिलेला नाही.

दवाखान्यात त्याला शब्द आहे. ‘तयारी’. इंग्रजी बोलणारे ‘पार्ट प्रिपरेशन’ म्हणतात. बाईला कळा सुरू असतात आणि कोणीतरी तिच्या जांघेतले केस ब्लेडने भादरून टाकतं. माझ्या पहिल्या बाळंतपणात मावशींनी ते कोरडंच केलं. विचारलं नाही, पडदा ओढला नाही. “हलू नको, कापेल” एवढंच म्हणाल्या. कळ आली की मी हलणारच होते. कापलंच. पुढे पंधरा दिवस केस उगवताना जे टोचणं आणि आग झाली, त्यापुढे टाके परवडले. काही दवाखान्यांत तर बाईला “घरूनच करून ये” असं सांगतात. नवव्या महिन्यात पोटापलीकडचं काही दिसत नाही, हाताला लागतं ते नवऱ्याचं रेझर, आणि बाई मोरीत बसून चाचपडत स्वतःला कापून घेते. रेझर दुसऱ्याचं असलं तर हिपॅटायटिस ‘बी’सारखा रक्तातून पसरणारा आजारही त्यावरून येऊ शकतो.

आधी ‘काय लावू’चं उत्तर देऊ, कारण आग आज होते आहे. डेटॉल लावू नका, टाल्कम पावडर नको, वासाचा साबण नको. साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, हलक्या हाताने टिपून कोरडं करा. गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं थोडा वेळ ठेवलं की आग उतरते. सैल सुती कपडा घाला, पॅड वा घडी वेळेवर बदला. आत वळलेला केस सुईने उकरू नका आणि पुरळ बसेपर्यंत पुन्हा ब्लेड लावू नका. दुकानदार खाजेवर म्हणून जी ट्यूब हातात देतो तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. खाज गजकर्णाची असली तर त्याने आधी बरं वाटतं आणि मग ती जोरात पसरते. पू आला, लाली वाढत गेली, टाके सुजले, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला किंवा ताप भरला, तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा. ओल्या बाळंतिणीचा ताप अंगावर काढायचा नसतो.

पण मुळात हे पुरळ उठवलं कोणी? केसांत जंतू असतात, ते आईला आणि बाळाला बाधतील, असं कारण सांगितलं जातं. या कारणाची परीक्षा १९२२ सालीच अमेरिकेत ३८९ बायांवर झाली. नंतर १९६५ मध्ये आणि २००५ मध्ये आणखी दोन अभ्यास झाले. कॉक्रेन या संशोधन-संस्थेने २०१४ साली तिन्ही एकत्र तपासले. एकूण १०३९ बाया, आणि भादरावं असं सांगण्याजोगा पुरावा मिळाला नाही. उलट ब्लेडने कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच ही सरसकट पद्धत हानिकारक किंवा निरुपयोगी, म्हणून बंद करण्याजोग्या प्रथांच्या यादीत टाकली आणि २०१८ मध्येही ती करू नये असंच सांगितलं. ऑपरेशनसाठीसुद्धा केस शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने, ब्लेडने कधीच नाही, हे तिने २०१६ साली सांगितलं.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच शंकेखाली आलेली गोष्ट आपल्या अंगावर चालू ठेवली गेली. “टाके घालायला सोपं जातं” हे त्यातल्या त्यात प्रामाणिक उत्तर. मग आड येणारे तेवढेच केस कात्रीने कापा. आणि “बायाच म्हणतात, काढून टाका” हे उत्तर तर ऐकवत नाही. आयुष्यभर जिला ‘खालचं’ म्हणजे घाण असं शिकवलं, ती बाई टेबलावर पडून दुसरं काय म्हणणार? ज्या वॉर्डाच्या संडासात पाणी नसतं, तिथे अस्वच्छ ठरते ती बाई! (ज्या बाईला स्वतःहून केस काढायचे आहेत तिच्याशी आमचं भांडण नाही. तो तिचा प्रश्न.)

भांडण मावशींशीही नाही. कंत्राटावरच्या बाईला वरून हुकूम येतो आणि ती हात चालवते. पण एक आठवण द्यावीशी वाटते. १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने, नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला होता. वस्तरा ज्याच्या हाती होता त्यानेच तो खाली ठेवला. मावशींच्या युनियनशी या विषयावर बोलायला काय हरकत आहे?

२०१७ साली केंद्र सरकारने प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम काढला, त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याची गोष्ट आहे. तो शब्द धरून आपल्या भागातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला लेखी विचारा : तुमच्याकडे सरसकट केस काढतात का, कोणाच्या आदेशाने, आणि बाईला आधी विचारतात का? नाव नोंदवायला जाणाऱ्या बाईबरोबर जाऊन, तिच्या केसपेपरवर “केस काढू नयेत” असं लिहून मागा. अर्ज मराठीतच द्या, दोन प्रती करा, आणि एकीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.