खुडूक कोंबडी आजारी नसते



बाजरी निघाली, शाळू कोळपणीला आला, पहाटे अंगावर घोंगडं लागायला लागलं, आणि फोन सुरू झाले. "दादा, कोंबडी खुडूक बसलीय. अंडी बंद केली, जवळ गेलं की फुगते, टोचा मारते. काय औषध द्यावं?" गेल्या पंधरा दिवसांत सात-आठ जणांनी हेच विचारलं. त्यातले दोघं शेतीची पदवी घेतलेले आहेत.

औषध कसलं? गाय माजावर आली नाही तर लोक डॉक्टरला बोलावतात, आली म्हणून कुणी बोलावत नाही. इथं मात्र उलटं चाललंय. कोंबडीनं बारा-पंधरा अंडी घातली, तिच्या अंगात ऊब चढली, आता तिला बसायचंय. पुढच्या पिढीचं काम ती करायला निघाली आणि आपण तिला आजारी ठरवून मोकळे.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. प्रशिक्षणाला जा, व्हिडिओ बघा, सगळीकडं एकच यादी असते. देशी कोंबडीचे तोटे: वर्षाला पन्नास-साठच अंडी, वजन कमी, आणि खुडूकपणा. मग लगेच सुधारित जातीची पिल्लं घ्या, खाद्य घ्या, बल्ब लावा. सांगणारा माणूस वाईट नसतो. पण त्यानं तराजू आणलाय पिंजऱ्यातल्या पाच हजार कोंबड्यांचा आणि त्यात माझ्या अंगणातल्या दहा घालून मोजतोय. ज्याला रोज ट्रे भरून अंडी विकायचीत, त्याला खुडूक कोंबडी तोट्याचीच. त्यानं लेअर पाळाव्यात, खुशाल पाळाव्यात, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या दारात आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि उकिरडा आहे, त्याच्याकडं खुडूक बसणारी कोंबडी हीच उबवणीची मशीन, तोच बल्ब आणि तोच राखणदार. या तिन्हीला ती वीजबिल लावत नाही.

विजेचं तर बोलूच नका. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. वस्तीवरची सिंगल फेज कधी जाईल सांगता येत नाही. मशीनच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. थंडीच्या रात्री दोन वाजता बल्ब बंद झाला की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी टोपलीभर मेलेली पिल्लं उचलणारी घरं आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत. कोंबडीच्या पंखाखाली लोडशेडिंग नसतं.

आता बियाण्याचं बघा, कारण खरं दुखणं तिथं आहे. आम्ही मालदांडी ज्वारीचं बी अजून घरचं धरतो. चांगली कणसं बघून बाजूला काढायची, राख लावून ठेवायची, पुढच्या सालाला तीच पेरायची. संकरित बियाणं आलं तेव्हापासून पिशवी दर साली विकतची. कोंबडीतही तेच झालंय. पांढरी लेगहॉर्न खुडूक बसतच नाही म्हटलं तरी चालेल, पिढ्यानपिढ्या निवडून तिच्यातला तो गुण काढून टाकलाय. अंड्यासाठी तयार केलेल्या इतर सुधारित कोंबड्याही क्वचितच बसतात. म्हणजे कळप संपला की पुन्हा पिल्लं विकत, पुन्हा गाडीभाडं, पुन्हा खाद्याच्या दुकानात उधारी. जी कोंबडी बसते, तिचं बी घरात राहतं. तिचा हा गुण म्हणजे तोटा असं ज्यांनी फळ्यावर लिहिलं, त्यांनी शेतकऱ्याचा तोटा लिहिला की विकणाऱ्याचा, हे एकदा विचारा.

आणि हा पैसा कुणाचा असतो? आमच्या भागात अंगणातली कोंबडी बाईची. आठवडी बाजारात दोन कोंबडे विकले तर वही-पेन, तेल-मीठ, माहेरी जायचं तिकीट त्यातून निघतं, नवऱ्याकडं हात पसरावा लागत नाही. शंभर पिल्लांचं शेड झालं की खाद्याचं बिल मोठं होतं, कर्जाची सही नवऱ्याची होते आणि गल्ल्यावर तोच बसतो. झाडलोट तेवढी बाईकडं राहते. हे मी चार घरांत डोळ्यांनी बघितलंय.

हिशेब हवा असेल तर तोही घ्या, वहीतला आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या तीन कोंबड्या एका रात्री बसवल्या, चौतीस अंड्यांवर. सातव्या दिवशी चार वांझ निघाली. राहिलेल्या तीसांतून सत्तावीस पिल्लं निघाली. ती दोन कोंबड्यांखाली वाटून दिली आणि तिसरी मोकळी केली, ती वीस दिवसांत परत अंड्यावर आली. तीन पिल्लं घारीनं नेली, दोन मुंगसानं, दोन जन्माचीच अशक्त होती. वीस वाचली. त्यात नऊ कोंबडे, अकरा तलंगा. बारा रुपयांनी चौतीस अंडी म्हणजे ४०८ रुपये. बसल्यामुळं बुडालेली अंडी जास्तीत जास्त पंचेचाळीस धरा, ती ५४० ची. कणी-भरड्याचे हजार. झाले १,९४८. नऊ कोंबडे साडेचारशेनं गेले, ४,०५० आले. अकरा तलंगा घरात राहिल्या त्या वर. कोंबडी "रिकामी बसून खाते" म्हणणाऱ्यानं हे बेरीज-वजाबाकी करून खोटं पाडावं.

आता आपल्या लोकांकडं वळतो, कारण सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. खुडूक उठवायला कोंबडीला पाण्याच्या बादलीत बुडवतात. नाकात पीस घालतात. पाय बांधून उन्हात टाकतात. हे बंद करा. थंडीत भिजलेली कोंबडी गारठून मरते, आणि नाकात पीस असलेली कोंबडी दुखण्यानं खात नाही म्हणून उठते, अक्कल आली म्हणून नाही. उठवायची गरज कधी पडते हे मलाही मान्य आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कोंबडी बसली तर अंडी नासतात, पिल्लं तगत नाहीत. किंवा एकदम पाच बसल्या आणि तीनच पुरे आहेत. तेव्हा तिला खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून हातभर उंच, सावलीत उजेडाला ठेवा. आत पेंढा नको, टोपली नको. दाणा-पाणी पोटभर द्या. खालून वारा लागून पोट गार पडतं, बसायला जागा सापडत नाही, अंगातली ऊब तीन-चार दिवसांत उतरते. एवढंच करायचं असतं.

दुसरा दोष, बसवायची घाई. कोंबडी दिसली बसलेली की घरात असतील ती अंडी खाली सारायची, त्यात फ्रीजमधलीही. फ्रीजच्या गारठ्यात राहिलेल्या अंड्यातून पिल्लू निघेल ही आशा धरू नका. अंडं आठवड्याच्या आतलं हवं, उन्हाळ्याच्या तोंडावर असेल तर चार-पाच दिवसांचं. गार खोलीत, टोक खाली करून ठेवायचं. धुवायचं नाही, मळकट असेल तर खायला वापरा. फार मोठं, फार लहान, पातळ कवचाचं घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या कोंबडीची अंडी जास्त, जी पिल्लं राखते, तिचीच अंडी निवडा. बियाण्याला कणीस निवडतो तसंच. कोंबडा मात्र दोन वर्षांनी बदला, लांबच्या गावच्या पाहुण्याशी अदलाबदल करा. नाहीतर बाप-लेकींतच पैदास होते आणि मग "गावरान आता पहिल्यासारखी राहिली नाही" म्हणून रडत बसता.

देशी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरे. वीस ठेवणारे शहाणे आहेत, त्यांची आठ निघतात. कारण कडेची अंडी पंखाबाहेर राहून गार होतात, मग ती आत सारते तर दुसरी बाहेर येतात, असं करत सगळ्यांनाच गारठा लागतो. टोपली बांबूची किंवा लाकडी खोकं. पत्र्याचं घमेलं नको. खाली मूठभर राख, त्यावर माती, त्यावर वाळलेला पेंढा, मध्ये खोलगट. कडुलिंबाचा पाला टाका. बसलेली कोंबडी धुळीत लोळत नाही, म्हणून उवा-पिसवा तिच्यावर तुटून पडतात आणि ती अर्ध्यात उठते. लोक म्हणतात कोंबडी नादान निघाली. बसवायच्या आधी पंख उचलून बघा, राख चोळा. टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवायची आमच्या आईची रीत होती, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्यानं काही होतं असं मला वाटत नाही, पण आमच्या घरात अजून ठेवतात. मी काढत नाही.

बसवायचं ते रात्री, आणि सगळी अंडी एकदम. कोळशानं खूण करा. जागा वेगळी हवी, नाहीतर बाकीच्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडी घालून जातात आणि एकविसाव्या दिवशी अर्धी पिल्लं, अर्धी कच्ची असा घोळ होतो. दिवसातून एकदा ती उठेल, पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा अख्खी ज्वारी नाहीतर मका आणि स्वच्छ पाणी समोर असू द्या. उठली म्हणून घाबरून परत दाबून बसवू नका. ती अंडी स्वतः फिरवते, तुम्ही हात घालू नका. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर भरलेलं, स्वच्छ पारदर्शक दिसलं तर वांझ, ते काढा. अठराव्या दिवसानंतर टोपलीला हात नाही. पिल्लू अडकलंय म्हणून कवच सोलणारे हात फार वळवळतात, ते बांधून ठेवा.

पिल्लं निघाल्यावर लगेच दाणा टाकायची गडबड नको. पोटातल्या बलकावर ती दीड-दोन दिवस काढतात, तोवर मागची अंडी फुटू द्या. मग मक्याचा बारीक भरडा, तांदळाची कणी, जमलं तर पहिला महिना पिल्लांचं तयार खाद्य. पाणी उथळ परळात, त्यात खडे टाकून. आठ-दहा दिवस आई-पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा, मग ऊन वर आल्यावर सोडा. पहिल्या दिवसापासून मोकळं सोडणारा घारीला जेवण घालतो. पाचव्या-सहाव्या आठवड्याला पिल्लं आईपासून तोडली तर ती लवकर परत अंड्यावर येते, वर्षाला एखादी पाळी जास्त मिळते. हे मात्र कुठल्याच प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेलं मी बघितलं नाही.

मशीनवाल्यांशीही माझं वैर नाही. ज्याच्याकडं चांगलं यंत्र आणि इन्व्हर्टर आहे त्यानं जरूर उबवावं. पण दोन-तीन आठवडे बसलेल्या खुडूक कोंबडीखाली रात्रीच्या अंधारात एक दिवसाची पिल्लं सारून बघा. बहुतेक कोंबड्या ती आपली मानतात. सकाळी तेवढं लक्ष ठेवा, एखादी टोचते.

राहिली मानमोडी. घरच्या पिल्लांना लस लागत नाही हा आपल्यातला सगळ्यात महागडा गैरसमज. कोंबडी घारीपासून वाचवते, मानमोडीपासून नाही. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा, डोळ्यात एक थेंब. अठ्ठावीस दिवसांच्या आसपास परत एकदा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. देवीची लस डॉक्टरांना विचारून. अडचण ही की लहान बाटलीसुद्धा शे-दोनशे पिल्लांची येते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि आपल्याकडं पिल्लं अकरा. म्हणून कुणी आणतच नाही. वस्तीतल्या कोंबड्या एका रात्री बसवल्या तर पिल्लं एका दिवशी निघतात आणि एका बाटलीत सगळ्यांची सोय होते.

आमच्या तीन येत्या शनिवारी रात्री बसणार आहेत. वस्तीवर ज्यांच्या खुडूक आहेत त्यांनी त्याच रात्री बसवा आणि मला आकडा कळवा. बर्फाचा थर्मास माझा, बाटलीचे पैसे पिल्लांवर वाटून घेऊ. फोन रात्री आठनंतर करा, दिवसा मी पाण्यावर असतो.